छातीत राहिलेली तार

छातीच्या मधोमध, गळ्याच्या खळगीखालून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत गेलेला उभा व्रण असलेला एखादा विद्यार्थी आता आपल्यापैकी काही शिक्षकांच्या वर्गात बसलेला असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झाला. त्यात शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष व संधिवाताच्या तापामुळे बिघडलेल्या झडपा शोधल्या जातात. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. रत्नागिरी, गुहागर, राजापूर या भागातली मुले आणि मोठी माणसेही मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला जाऊन हृदयावरची शस्त्रक्रिया करून परत येतात आणि महिन्या-दोन महिन्यांत नेहमीच्या आयुष्याला लागतात. ही फार चांगली गोष्ट आहे.

आम्ही येथे या शस्त्रक्रियेच्या एका अगदी लहान अंगाविषयी लिहिणार आहोत. व्रणाच्या खालच्या टोकाजवळ, बरगड्यांच्या कमानीखाली, बारीक ठिपक्यांसारख्या एक-दोन खुणा दिसतात. काही खुणा छातीत साठणारे रक्त व पाणी काढण्यासाठी घातलेल्या नळ्यांच्या असतात. काही मात्र शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक तारांच्या असतात. चार-सहा दिवसांपुरत्या बसवलेल्या या तारा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत काढून टाकतात. काहींच्या बाबतीत मात्र तारेचा तुकडा आतच राहतो, आणि त्यांतल्या थोड्या लोकांना त्याचा त्रास काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी होतो. तोपर्यंत ती तार सगळे विसरलेले असतात, आणि खरी अडचण येथेच आहे.

आधी तार कशासाठी लागते ते पाहू. हृदय हा स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारा स्नायू आहे. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशिष्ट पेशींचा एक पुंजका असतो. (जुन्या पाठ्यपुस्तकांवर शिकलेल्यांनी अलिंदाऐवजी कर्णिका आणि निलयाऐवजी जवनिका वाचावे.) कीथ आणि फ्लॅक या इंग्लंडमधील संशोधकांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. मिनिटाला साधारण सत्तर वेळा तेथून विद्युत्‌स्पंद निघतो, अलिंदांवर पसरतो आणि अलिंद व निलय यांच्या सीमेवरच्या दुसऱ्या पुंजक्यापाशी येतो. हा दुसरा पुंजका सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना १९०६ साली दाखवून दिला. तेथे स्पंद क्षणभर रेंगाळतो, म्हणजे अलिंदांतले रक्त निलयांत उतरायला वेळ मिळतो. मग एका बारीक जुडीतून तो दोन्ही निलयांत शिरतो आणि निलये आकुंचन पावतात.

ही जुडी नेमकी निलयांमधल्या पडद्याच्या वरच्या कडेने, झडपांना खेटून जाते. पडद्यातील छिद्र बुजवताना किंवा झडप बदलताना सर्जनची सुई तिच्यापासून जेमतेम काही मिलिमीटर अंतरावर फिरत असते. टाका प्रत्यक्ष जुडीवर पडला नाही, तरी आजूबाजूला आलेली सूज, शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थंड करून थांबवलेले असणे, क्षारांचे बदललेले प्रमाण यांमुळे स्पंद वाटेत अडतो. वर अलिंदे सत्तरच्या गतीने चालत असतात आणि खाली निलये तीस-चाळीसवर येतात किंवा थांबतातही. सूज चार-आठ दिवसांत ओसरते आणि बहुतेकांची वाट पुन्हा मोकळी होते. प्रश्न तेवढे दिवस निभावून नेण्याचा असतो.

१९५०च्या दशकात हा प्रश्न जीवघेणा होता. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय हे सर्जन लहान मुलांच्या हृदयातील दोष दुरुस्त करीत. शस्त्रक्रिया उत्तम झालेली मुलेही केवळ स्पंद अडल्यामुळे दगावत. बॉस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ साली छातीवर बाहेरून पट्ट्या लावून विजेचे धक्के देण्याची रीत काढली होती. पण ते धक्के इतके जोराचे असत की मूल कळवळे आणि कातडी भाजे. जानेवारी १९५७ मध्ये लिलेहाय यांनी बारीक पोलादी तारेचे टोक सरळ हृदयाच्या स्नायूत ओवले आणि दुसरे टोक छातीबाहेर काढून उत्तेजक यंत्राला जोडले. स्नायूला थेट स्पर्श असल्यामुळे अगदी थोडी वीज पुरे झाली आणि मुलाला ती जाणवतही नव्हती.

यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. त्यामुळे मुलाचे फिरणे वायर पुरेल तेवढेच. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनियापोलिस शहराची वीज गेली. पावसाळ्यात दोन-दोन दिवस अंधारात काढणाऱ्या कोकणवासीयाला यापुढचे सांगायला नको. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणारा तरुण तंत्रज्ञ अर्ल बॅकन याला बॅटरीवर चालणारे यंत्र बनवायला सांगितले. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका लोकप्रिय मासिकात संगीतासाठीच्या तालयंत्राचा ट्रान्झिस्टरवर चालणारा आराखडा छापून आला होता. बॅकनने त्यात फेरफार करून हातात मावेल एवढी पेटी काही आठवड्यांत तयार केली. टिकटिक करणाऱ्या तालयंत्राचा हृदयाला ताल देण्यासाठी झालेला हा उपयोग वर्गात सांगण्यासारखा आहे. पुढे पेट्या पुष्कळ सुधारल्या. तार मात्र तत्त्वतः लिलेहाय यांचीच राहिली.

आजची तार अनेक बारीक पोलादी धाग्यांना पीळ देऊन केलेली असते आणि तिच्यावर प्लास्टिकचे आवरण असते. टोकाचा थोडा भाग उघडा ठेवतात. त्या टोकाला बाकदार सुई असते. ती हृदयाच्या पृष्ठभागात हलकेच ओवून उघडा भाग स्नायूत बसवतात आणि सुई कापून टाकतात. दुसऱ्या टोकाची सरळ सुई छातीच्या भिंतीतून बाहेर काढतात. अलिंदावरच्या तारा मधल्या हाडाच्या उजव्या बाजूला आणि निलयावरच्या डाव्या बाजूला काढण्याचा प्रघात आहे, म्हणजे रात्री-अपरात्री धावपळीत घोटाळा होत नाही. एक-दोन मिलिसेकंदांचा, काही मिलिअँपिअरचा स्पंद हृदयाला पुरतो.

येथे ओहमच्या नियमाचे एक चांगले उदाहरण मिळते. कोरड्या कातडीचा विद्युत्‌रोध हजारो ओहम असतो, कधी लाखाच्या घरात जातो, आणि घरातल्या किरकोळ गळतीच्या विजेपासून तोच आपल्याला वाचवतो. तार बाहेर आलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे कुंपणच ओलांडले गेलेले असते. आतल्या ऊतींचा रोध काही शे ओहमचा, त्यामुळे मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाएवढी वीजही थेट हृदयात शिरली तर ताल बिघडवू शकते. म्हणून तारा वापरात नसतात तेव्हा त्यांची टोके रोधक आवरणात गुंडाळून ठेवतात आणि परिचारिका हातमोजे घालूनच त्यांना हात लावतात.

दिवसागणिक आणखी एक बदल होतो. पहिल्या दिवशी जेवढ्या विजेने हृदय प्रतिसाद देते, तेवढीला ते पाचव्या-सहाव्या दिवशी देत नाही. वीज वाढवावी लागते. तारेच्या टोकाभोवती सूज येते आणि मग व्रणऊती धरू लागते, तिचा हा परिणाम. हीच व्रणऊती तारेला पकडूनही ठेवते. म्हणजे तार निकामी होणे आणि ती अडकून बसणे या दोन्हींचे मूळ एकच आहे.

काढावी की कापावी?

ताल पूर्ववत झाला की तार काढायची. रुग्णाला पलंगावर आडवे करून तार हळूहळू, सारखा ताण देत ओढतात. ती सुटून येते, आणि पुढचा काही काळ नाडी व रक्तदाब पाहत रुग्णाला पडून राहायला सांगतात. हे किरकोळ वाटणारे काम पूर्णपणे निर्धोक नाही. टोक सुटताना स्नायूला किंवा जवळून गेलेल्या नव्या जोडरक्तवाहिनीला इजा झाली तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठते. पिशवी ताणत नाही, त्यामुळे हृदयच दाबले जाते. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांच्यावर ऑगस्ट २०१२ मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली होती. त्यातून ते सावरत असताना तात्पुरत्या तारा काढल्या आणि आत रक्तस्राव सुरू झाला. २५ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. ही हकिगत २०१९ साली कागदपत्रे उजेडात आल्यावर जगाला कळली.

म्हणून तार ओढताना ती अडते आहे असे जाणवले, तर जोर करायचा नाही असा संकेत आहे. ती जराशी ताणून धरतात, कातडीलगत कापतात आणि सोडून देतात. कापलेले टोक आपोआप कातडीखाली जाते. काही सर्जन तर सगळ्याच रुग्णांच्या तारा अशा कापून टाकणे पसंत करतात. आम्हांला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. ओढण्यातला धोका त्याच क्षणी समोर उभा राहणारा असतो, आणि सोडून दिलेल्या तुकड्याचा धोका पुढे कधीतरी, फार थोड्यांना होणारा. बहुसंख्य लोक असा तुकडा छातीत बाळगून जन्मभर काहीही त्रास न होता जगतात.

तुकड्याचे पुढे काय होते?

शरीराला न विरघळणारी परकी वस्तू सापडली की ते तिला वेढून टाकते. पायात मोडलेला काटा काढता आला नाही तर त्याच्याभोवती घट्ट गाठ होते, तेच येथे घडते. भक्षक पेशी येतात, त्यांना ती वस्तू गिळता येत नाही, मग तंतुमय ऊतीचे आवरण तयार होते. पोलादही साधे नसते. मिरकरवाड्याच्या बंदरात लोखंडाचे काय होते ते रत्नागिरीकराला माहीत आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या शरीरातील द्रव त्या मानाने कितीतरी कमी खारट, पण साध्या लोखंडाला गंजवायला पुरेसा. म्हणून या तारेच्या पोलादात क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा आतील धातूला जपतो.

पण तार स्थिर कुठे असते? हृदय दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा, वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास आकुंचन पावते. श्वास दिवसाला वीस हजारांवर. प्रत्येक वेळी तुकडा किंचित वाकतो आणि सरळ होतो. एखादी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिले की थोड्या वेळाने ती तुटते, हे मुलांना करून दाखवता येते. छातीतली तार पिळाची व लवचीक असल्यामुळे पुष्कळ तग धरते, तरी तुटू शकते. तुटली नाही तरी सरकू शकते. पावसाळ्यानंतर सड्यावरच्या गवतातून चालून आले की धोतरात किंवा पायमोज्यात शिरलेले कुसळ चालता चालता वर वर चढते. त्याला कोणी ढकलत नाही. कापडाची मागे-पुढे होणारी हालचालच त्याला एका दिशेने नेते, कारण उलट दिशेला त्याचे बारीक काटे अडतात. तारेला असे काटे नसतात, पण एक टोक धरलेले आणि दुसरे सुटे असले, किंवा एका बाजूची ऊती सुजून मऊ झाली, तर त्याच अखंड हालचालीने तारही वाट काढते.

ही वाट कुठे निघेल याचा नेम नसतो. वैद्यकीय नियतकालिकांतून एकेका रुग्णाचे जे वृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत ते वाचून आपण थक्क होतो. कोणाची तार फुप्फुसाच्या श्वासनलिकेत शिरली आणि खोकताना बाहेर पडली. कोणाची हृदयाच्या भिंतीतून आत जाऊन फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत सापडली. कोणाची पडदा ओलांडून पोटात, आतड्यापर्यंत गेली. काहींच्या पोटावरच्या कातडीतून टोक काट्यासारखे वर आले. हे सारे दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ म्हणूनच प्रसिद्ध झाले, हे विसरून चालणार नाही.

त्यामानाने अधिक ओळखीचा त्रास पू होण्याचा. तारेवर जिवाणू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही आणि रक्तातल्या पेशीही पोहोचत नाहीत. औषध चालू आहे तोवर पू थांबतो, बंद केले की पुन्हा येतो. समजा, एका मुलीच्या हृदयातील छिद्र सहाव्या वर्षी बुजवले. ती आता दहावीत आहे. तिच्या व्रणाच्या खालच्या टोकापासून चार बोटांवर एक पुटकुळी आली, फुटली, पू गेला, खपली धरली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. गावातले डॉक्टर चीर देतात, गोळ्या देतात. यात त्यांचे काही चुकत नाही, कारण नऊ वर्षांपूर्वीच्या तारेविषयी त्यांना कोणी सांगितलेले नाही. भरून न येणारे, वाहणारे तोंड पाहून आपल्याकडे क्षयाचा संशय येणेही स्वाभाविक आहे. तार श्वासनलिकेजवळ असली आणि थुंकीतून रक्त पडले तर क्षयाचाच विचार आधी होतो. क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. पण छातीचे जुने व्रण असलेल्या रुग्णाबाबत तारेचा प्रश्नही त्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. महिनोन्‌महिने औषधे घेऊनही तोंड बंद होत नाही, कारण मूळ आतच असते. तार काढली की ते पुष्कळदा लवकर भरून येते. दुर्लक्ष झाले तर संसर्ग हृदयाभोवती किंवा रक्तात पसरून जिवावर बेतू शकते.

तारेचा शोध घेणे अवघड नाही. साध्या क्ष-किरण चित्रात धातू पांढरा दिसतो. मात्र येथे एक गोंधळ होतो. छातीचे मधले हाड कापून उघडलेले असते व ते पोलादी तारांनीच पुन्हा बांधतात. या तारा जाड, पीळ दिलेल्या गाठींच्या रूपात एकाखाली एक ओळीने दिसतात आणि त्या कायमच्याच ठेवायच्या असतात. “आतमध्ये तारा आहेत” असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा याच असतात. आपली तात्पुरती तार म्हणजे हृदयाच्या सावलीवर किंवा तिच्या खाली दिसणारी एखादी बारीक, वेडीवाकडी रेघ. ती नेमकी कशात रुतली आहे हे कळायला सीटी स्कॅन लागतो. काढायची की नाही, आणि कशी, हे हृदयशल्यचिकित्सकाने ठरवायचे. कातडीखाली टोक हाताला लागले म्हणून ते कोणीही ओढू नये. आतले टोक कशाला धरून आहे हे बाहेरून कळत नाही.

एमआरआयच्या वेळी पुन्हा हाच विषय निघतो. शक्तिमान चुंबकात धातू कसा चालेल, ही शंका रास्त आहे. मुलांना घरची स्टीलची भांडी चुंबकाने तपासायला सांगा. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही किंवा अगदी नाममात्र चिकटतो, कारण निकेल-क्रोमियमच्या त्या पोलादाची स्फटिकरचनाच वेगळी असते. हृदयावरच्या तारा त्याच जातीच्या पोलादाच्या. बदलत्या चुंबकक्षेत्राने तारेत वीज प्रवर्तित होऊन ती तापेल का, हा दुसरा मुद्दा. आखूड कापलेल्या तुकड्यांच्या बाबतीत तसा अपाय दिसून आलेला नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे तुकडे असलेल्या पन्नासेक रुग्णांचे एमआरआय निर्वेध पार पडले. कायमच्या पेसमेकरच्या लांब तारांना मात्र हे लागू नाही. कसेही असले तरी तंत्रज्ञाला आधी सांगायला हवे, आणि सांगायचे तर रुग्णाला माहीत हवे.

या माहितीचे काय होते ते आपण सगळेच पाहतो. घरी सोडताना दिलेल्या कागदावर तारा कापल्याची नोंद असलीच तर इंग्रजीत, अर्ध्या ओळीत, संक्षेपात असते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावी येतो. दोन पावसाळ्यांत शाई पसरते. शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय तीनशे किलोमीटरवर आणि तेथला सर्जन दरम्यान बदललेला. “हृदयावरील तात्पुरती तार कापून आत ठेवली आहे, दिनांक अमुक” एवढे एक मराठी वाक्य रुग्णालयाने लिहून दिले तर केवढे काम होईल! तोवर पालकांनी तो कागद नव्या डॉक्टरांना दाखवावा, त्याची झेरॉक्स शाळेच्या आरोग्यपत्रिकेला जोडावी आणि तारा काढल्या की कापल्या हे रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वी विचारून घ्यावे. वर्गशिक्षकांना ही गोष्ट पालकांच्या कानावर घालणे जमण्यासारखे आहे. मुलाला खेळापासून दूर ठेवण्याचे मात्र कारण नाही. डॉक्टरांनी मना केले नसेल तर नुसत्या तारेच्या तुकड्यासाठी त्याला कबड्डीच्या मैदानाबाहेर बसवू नये.

तार काढणे आणि ठेवणे या दोन्ही अडचणी टाळण्याचा तिसरा मार्ग म्हणजे काम संपले की आपोआप नाहीशी होणारी वस्तू वापरणे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली शरीरात विरघळणारा तात्पुरता पेसमेकर प्राण्यांवर वापरून दाखवला. त्यात बॅटरी नव्हती आणि बाहेर आलेली तारही नव्हती. ऊर्जा बाहेरून बिनतारी पोहोचत होती. २०२५ मध्ये त्यांनी तांदळाच्या दाण्याहून लहान असा पुढचा नमुना प्रसिद्ध केला. तो सुईतून आत सोडता येतो, शरीरातील द्रवातूनच वीज मिळवतो, आणि छातीवर चिकटवलेल्या पट्टीतून निघालेल्या प्रकाशाने तो चालू-बंद होतो. त्याच्या चाचण्या प्राण्यांवर आणि अवयवदात्यांकडून मिळालेल्या मानवी हृदयांवर झाल्या आहेत. रुग्णालयातल्या खाटेपर्यंत तो यायला वेळ लागेल, आणि जन्मजात दोष असलेल्या तान्ह्या मुलांच्या इवल्याशा हृदयांसाठी त्याची गरज अधिक आहे असे ते संशोधकच म्हणतात.